रोडिकाची खंडेनवमी

"काकू, सध्या काय करता?" असं गणपतीच्या कार्यक्रमात कुणी नव्यानं विचारलं की मी सरळ सांगते, "तलवारी दुरुस्त करते." समोरचा आधी हसतो. मग माझ्या गुडघ्यांकडे, चष्म्याकडे, हातातल्या मोदकाच्या ताटलीकडे बघतो आणि आमच्या ह्यांच्याकडे वळतो. हे गंभीर चेहऱ्यानं मान डोलावतात. "खरंय ते. म्हणून तर मी घरात आवाज चढवत नाही."

चेष्टा राहू दे, पण काम खरंच तेच आहे. कॅनडात, हॅमिल्टनमध्ये स्टीलच्या कारखान्यांच्या बाजूला एक जुनं गोदाम आहे, त्यात फेन्सिंगचा हॉल. तिथली मी आर्मरर, म्हणजे हत्यारं ठीकठाक ठेवणारी बाई. भोसरीला असताना मी रिले बनवणाऱ्या कारखान्यात लाइनवर होते. केसासारख्या तारा, मोहरीएवढे स्क्रू आणि सोल्डरिंगचा धूर, त्यातच माझं तारुण्य गेलं. ह्यांना इथल्या स्टील कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही आलो. पहिला विंटर मी खिडकीतून बर्फ बघण्यात आणि ड्राइव्हवे शोव्हल करण्यात घालवला. दुसऱ्या विंटरला वेड लागायची पाळी आली, तेव्हा ग्रोसरीच्या दुकानातल्या बोर्डावर चिठ्ठी दिसली: बारीक तारांचं काम येणारी व्यक्ती हवी, धीट असावी. मी म्हटलं, ही माझीच जाहिरात.

हॉलमध्ये गेले तर एक उंच, ताठ बाई समोर आली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हातात एक तलवार दिली आणि म्हणाली, "उघड." मी उघडली. "बंद कर." मी बंद केली. "उद्या ये." झाला इंटरव्ह्यू! ती रोडिका. रोमानियाची एकेकाळची मोठी खेळाडू, हॉलची मालकीण आणि कोच. तेव्हापासून मी तिथेच आहे. ह्यांचं रिटायरमेंट झालं, माझं अजून व्हायचंय.

आता हे काम काय, ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. फेन्सिंगमध्ये तलवारींच्या तीन जाती: फॉइल, एपे आणि सेबर. आपण फॉइल तेवढी धरू, कारण रोडिकाचा जीव तिच्यात. फॉइल लवचीक असते, धार नसते, टोक बोथट. त्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढं बटण असतं आणि आत स्प्रिंग. टोक समोरच्याला दाबून लागलं की बटण आत जातं आणि यंत्रावर दिवा लागतो. खेळणाऱ्याच्या धडावर धातूच्या तारांचं चंदेरी जॅकेट असतं. टोक त्याच्यावर लागलं तर रंगीत दिवा. हातापायावर लागलं तर पांढरा दिवा, म्हणजे मेहनत फुकट. बटणापासून एक तार पात्याच्या खाचेतून मुठीपर्यंत येते, तिथून बाहीतून पाठीमागे, तिथून यंत्रात. एवढ्या वाटेत कुठेही काही बिनसलं तर दिवा लागत नाही. आणि दिवा लागला नाही तर वार धरत नाहीत, मग समोरचा कळवळून खाली बसला तरी.

स्प्रिंग किती कडक हवी त्यालाही माप आहे. टोकावर अर्धा किलोचं वजन ठेवायचं, बटणानं ते पेलून वर उचललं पाहिजे. सामन्याआधी रेफ्री खेळायला घेतलेल्या फॉइलवर ते वजन ठेवतो. तिथे वशिला चालत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक आई मुलाचं चंदेरी जॅकेट घेऊन आली, ब्लीच घालून मशीनमध्ये धुतलेलं. "बघा किती स्वच्छ झालंय! फक्त दिवा लागत नाही." मी म्हटलं, "बाई, दिवा ज्यानं लागतो तेच धुतलंत तुम्ही." वॉटर्लूला शिकणारा नागपूरचा एक पोरगा बसनं फॉइल घेऊन आला. गंज लागू नये म्हणून पठ्ठ्यानं पात्याला खोबरेल तेल चोपडलेलं, थेट बटणाच्या आतपर्यंत. विंटरमध्ये ते थिजलं. "काकू, तेल एकदम प्युअर होतं जी!" म्हणे. मी त्याला चहा पाजला, फॉइल उन्हाच्या खिडकीत ठेवली आणि वर चार शब्द सुनावले. आणि एक रिटायर्ड जजसाहेब होते. हरले की दर शनिवारी फॉइल माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "ही खोटं बोलते." मी यंत्राला लावून दाखवायची. दिवा लखलखीत लागायचा. "साहेब, साक्षीदार पक्का आहे." मग तेही हसायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

पण मला सांगायचंय ते रोडिकाबद्दल.

आमच्या हॉलची एक भिंत फोटोंनी भरलेली आहे. रोमानिया नकाशावर शोधायला मला चष्मा लागला होता, पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की कळतं, केवढ्याशा देशानं केवढा दरारा निर्माण केला तो. बायकांनी फॉइलमध्ये ऑलिंपिकची पदकं आणली, पुरुषांनी सेबरमध्ये आणली, आणि अलीकडे एपेमध्ये बायकांच्या संघानं थेट सुवर्ण आणलं. त्या सामन्याच्या वेळी रोडिकानं हॉल बंद ठेवून सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं आणि जिंकल्यावर स्वतःच्या हातानं अक्रोडाचा गोड पाव वाटला होता. भिंतीवर तिचा स्वतःचाही फोटो आहे, वैयक्तिक रौप्यपदकाच्या वर्षातला. दोन वेण्या, हातात मास्क, आणि तिच्या शेजारी घट्ट अंबाडा घातलेली एक बुटकी मुलगी. मी एकदा विचारलं, "ही कोण गं?" "विओरिका," रोडिका म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगली होती." आणि दुसरीकडे निघून गेली. पदक मात्र भिंतीवर नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या स्प्रिंगांच्या डब्याखाली पडलेलं असायचं. मला ते विचित्र वाटायचं, पण मोठी माणसं विचित्रच असतात म्हणून मी सोडून दिलं.

रोडिकाचा एक नियम होता, तो मोडला तर ती पोरांना घरी पाठवायची. ज्याला वार लागला त्यानं दिव्याकडे न बघता आधी स्वतःचा हात वर करायचा. विजेची यंत्रं नव्हती तेव्हाची ही रीत. तेव्हा म्हणे काही ठिकाणी टोक लाल शाईत बुडवायचे आणि पांढऱ्या कपड्यांवरचे ठिपके बघायचे, पण खरा भरवसा खेळणाऱ्याच्या हातावरच असायचा. पोरं कुरकुरायची, "पण कोच, दिवा आहे ना!" रोडिका म्हणायची, "दिव्याला काय कळतं? दिव्याला दुखतं का?"

माझीही एक रीत होती. खंडेनवमीला मी टेबल पुसून त्यावर सोल्डरिंग आयर्न, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, अर्धा किलोचं ते वजन आणि हॉलमधल्या सगळ्या फॉइल मांडायची. कुंडीतला झेंडू गारठ्याच्या आधी घरात आणून ठेवलेला असायचा, त्याची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं, पेढे ठेवायचे. भोसरीला आम्ही मशीनची पूजा करायचो तशीच. पहिल्या वर्षी रोडिका मागे येऊन उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"आज हत्यारांचा दिवस. वर्षभर राबतात, आज त्यांना सुट्टी. आज आपण त्यांच्या पाया पडायचं."

मला वाटलं हसेल. ती आत जाऊन मेरीमातेची छोटी तसबीर घेऊन आली आणि झेंडूशेजारी ठेवली. "हिलाही बघू दे," म्हणाली. तेव्हापासून सप्टेंबर लागला की तीच विचारायची, "सुमना, तलवारींचा वाढदिवस कधी?" मी दरवर्षी कुंकू मुठीवरच्या वाटीला लावायची, टोकाला कधीच नाही. पण हे मी तिला सांगितलं नव्हतं. टोकात काही जाऊ द्यायचं नसतं हे तिलाही ठाऊक असणारच, त्यात सांगायचं काय?

आता ईरा. माझी नात. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून वॉशर मोजायची, मग रोडिकाच्या हाताखाली खेळायला लागली आणि बघता बघता कुणाला ऐकेनाशी झाली. माझ्याशी मराठीत सुरुवात करते आणि इंग्लिशमध्ये संपवते. "आजी, तू खूप बोलतेस, कॅन यू जस्ट फिक्स इट?" यंदा ती कॅनडाच्या ज्युनियर संघाच्या निवडीपर्यंत पोचली. आणि निवडलेला संघ जाणार होता बुखारेस्टला.

बुखारेस्ट! हे कळलं त्या दिवशी रोडिकानं तीनदा चहा केला आणि एकदाही प्यायली नाही. तरुणपणी एका स्पर्धेला म्हणून ती बाहेर आली ती परत गेलीच नव्हती. तिथलं कम्युनिस्ट सरकार पडलं, वाट मोकळी झाली, तरी नाही. मी कितीदा म्हटलं असेल, "अगं जा की एकदा. विमानं काय बंद पडलीत?" तिचं एकच उत्तर. "रिकाम्या हातानं? मी जाईन ती माझी पोर घेऊन जाईन. कॅनडाच्या संघातली पोर." मला ते पटायचं. माहेरी जाताना आपण नारळ तरी नेतोच ना? शिवाय ती आता सत्तरी ओलांडलेली. यंदा नाही तर कधी, असं तीही म्हणत नव्हती आणि मीही नाही, पण दोघींच्या मनात तेच होतं.

आणि नेमकं यंदाच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नवरात्रात आलं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही. नवमीच्या दिवशी डोळ्यावर झाकण लावून मी सोफ्यावर बसले होते. रोडिकाचा फोन आला. मी म्हटलं, "यंदा पूजा राहिली बघ."

"नाही राहणार," ती म्हणाली.

मला वाटलं, धीर देतेय बिचारी.

स्पर्धा पुढच्या शनिवारी लंडनला. लंडन म्हणजे आमचं ओंटारिओतलं. पुण्याची नणंद अजून विचारते, "राजवाडा बघितलास का?" डॉक्टरांनी आदल्या दिवशीच कामाला परवानगी दिली होती, वाकायचं मात्र अजूनही नाही. नव्या डोळ्यानं हायवेच्या कडेची लाल-पिवळी झाडं बघून मी एवढी खूश झाले की ह्यांनी म्हटलं, "आता गाडीतून उडी मारू नकोस." ईराची बॅग रोडिकानं हॉलमधून थेट आणली होती. मी ती उघडलीसुद्धा नाही, कारण स्पर्धेच्या आर्मररच्या टेबलावर माझी ड्यूटी होती आणि सकाळपासून रांग लागलेली.

दुपारपर्यंत ईरा जिंकत आली. शेवटचा सामना होता मॉन्ट्रियलच्या एलोदीशी. जी जिंकेल ती संघात, हरणारी घरी. पंधरा वारांचा सामना, आणि एलोदी चौदावर, ईरा तेरावर. मी टेबलावरून उठून खेळायच्या लांब पट्टीच्या कडेला येऊन उभी राहिले होते. रोडिका खुर्चीवर, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

ईरानं झेप घेतली. टोक एलोदीच्या छातीवर असं लागलं की पात्याची कमान झाली. रोडिका अर्धी उठली. मी "वा गं पोरी!" म्हणून ओरडले.

दिवा लागला नाही.

ईरानं मास्क वर करून यंत्राकडे बघितलं, मग हातातल्या फॉइलकडे. रेफ्रीनं सामना थांबवला आणि आर्मररला हाक मारली. दुसरा आर्मरर जेवायला गेलेला. मी पुढे झाले आणि आधीच सांगितलं, "मी हिची आजी आहे. चालेल का?" रेफ्रीनं एलोदीच्या कोचकडे बघितलं. उंच दाढीवाला माणूस. तो म्हणाला, "आलोर, मादाम, उघडा. मी बघतोय."

मी टोकावर वजन ठेवलं. बटण हलेना. दोन्ही स्क्रू काढले, बटण बाहेर घेतलं आणि आत बघितलं. आत लाल गाळ. रेफ्री दचकला. "ब्लड?"

रक्त कसलं! नणंदेनं पुण्याहून पाठवलेलं कुंकू होतं ते. कडेला थोडी हळदसुद्धा. पाण्यात कालवून छान ठसठशीत लावलेलं, वाळलेलं, आणि दिवसभराच्या दणक्यांनी चुरा होऊन आत उतरलेलं. मी मान वर केली. रोडिकानं तोंडावर हात ठेवला होता.

खरं सांगते, यंत्र बिघडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण हत्यारच ईराचं, दोष तिच्याच बाजूचा, म्हणजे वार गेला. आणि हे मलाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "यंत्र ठीक आहे. टोकात कचरा अडकलाय." कुंकवाला कचरा म्हटलं, जीभ भाजली माझी.

"आजी!" ईरा ओरडली. "आर यू सिरियस?"

"दुसरी घे," मी म्हटलं.

दुसरीवर रेफ्रीनं वजन ठेवलं. तीही हलेना. पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद. बाईनं एकही तलवार उपाशी ठेवली नव्हती! तिसरी बंद निघाली तर लाल कार्ड, आणि लाल कार्ड म्हणजे एलोदीला फुकट गुण आणि सामना खलास. मी रेफ्रीला म्हटलं, "मला ही उघडलेली साफ करू द्या." तो घड्याळ बघून म्हणाला, "लवकर."

मी जमिनीवर बसले. डॉक्टरांनी वाकू नको म्हटलं होतं ते गेलं चुलीत. पर्समधल्या कापसाच्या काडीनं आणि स्पिरिटनं टोकाची नळी पुसली, स्प्रिंग झटकली, बटण बसवलं. मोहरीएवढा स्क्रू बोटातून निसटला आणि गालिच्यावर पडला. जुन्या डोळ्याला तो जन्मात दिसला नसता. नव्यानं लगेच टिपला. वजन ठेवलं. बटणानं ते उचललं. ह्यांनी मागून एवढ्या जोरात श्वास सोडला की मला ऐकू आला.

ह्या सगळ्या गडबडीत एलोदीनं मास्क काढला होता. घाम पुसताना तिचं लक्ष स्वतःच्या जॅकेटकडे गेलं. डाव्या खांद्याच्या खाली, चंदेरी जाळीवर, एक लाल ठिपका. गोल, नेटका, कुणी लावून द्यावा तसा. तिनं तो बोटानं पुसला. जाईना. आपलं कुंकू ते, सहज जातंय होय! तिनं ठिपक्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या लाल झालेल्या कापसाकडे बघितलं, आणि कोचला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. कोच म्हणाला, "नों." पुन्हा म्हणाला, "नों, नों!"

रेफ्रीनं सुरुवातीचा इशारा दिला. एलोदी पुढे आली, फॉइल खाली सोडली, दोन्ही हात पसरले आणि नुसती उभी राहिली. ईरा गोंधळून थांबली.

"गो ऑन," एलोदी म्हणाली. "यू गॉट मी. इट्स राइट हियर." आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

खेळात अशी एक जुनी पद्धत आहे, पण मी ती फक्त ऐकलेली. यंत्रानं न धरलेला वार समोरचा असा परत देतो. नियम त्याला तसं करायला सांगत नाही आणि रेफ्री त्याला अडवूही शकत नाही. ईरानं हळूच टोक त्या ठिपक्यावर टेकवलं, जरा दाबलं. दिवा लागला. चौदा-चौदा! हॉलमध्ये जो गलका झाला! कोचनं डोकं धरलं, खाली बसला, आणि शेवटी त्यालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि डॉक्टरांनी रडायचंही नाही म्हणून सांगितलेलं.

शेवटचा वार पटकन झाला. पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि एलोदीचं टोक ईराच्या हाताखालून शिरून कुशीत लागलं. ईराचा डावा हात वर गेला. मग दिवा लागला. ह्याच क्रमानं. नव्या डोळ्यानं बघितलंय, मला कुणी शिकवू नये.

ईरा हरली. मला फार वाईट वाटलं, उगाच मोठेपणानं नाही म्हणणार नाही. पोर लॉकर रूममध्ये जाऊन रडली, मी बाहेर बॅग धरून उभी. रोडिका आधी एलोदीकडे गेली, तिचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलली. मग आली आणि ईराला पोटाशी धरलं.

परतीच्या वाटेवर हे चालवत होते, रोडिका पुढे, आम्ही आजी-नात मागे. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. "बाई गं, टोकाला का लावलंस?"

"मग कुठे लावायचं?" रोडिका वळून म्हणाली. "तुम्ही बायका कपाळाला लावता. मला वाटलं, तलवारीचं कपाळ म्हणजे टोक. मला वाटलं तू वर्षानुवर्षं मुठीला लावतेस ती घाई म्हणून. यंदा महत्त्वाचं वर्ष, म्हणून मी नीट लावलं. सगळ्यांना. दोनदा."

आधी ईरा फिसकन हसली. मग मी. मग ह्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. रोडिकाही हसत होती, आणि हसता हसता तिनं रुमाल काढला, आणि मग कळलं की ती हसत नाहीये.

"विओरिका," ती म्हणाली. "आमच्या देशातली शेवटची लढत. जी जिंकेल ती ऑलिंपिकला वैयक्तिक खेळणार. शेवटचा वार तिचा होता. इथे, कुशीत. मला लागला होता, सुमना. दुखला होता. दिवा लागला नाही. सगळे यंत्राकडे बघत होते, म्हणून मीही यंत्राकडे बघितलं. मग पुढचा वार मी मारला."

ह्यांनी इंजिन बंद केलं.

"तिला ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. मी रौप्य आणलं, ती शाळेत पीटी शिकवायला गेली. पोर घेऊन जाईन, संघ घेऊन जाईन, ही सगळी माझी निमित्तं. ते पदक घेऊन मी तिच्यासमोर जाऊ कशी? आणि आज त्या मॉन्ट्रियलच्या पोरीनं, सतरा वर्षांच्या, बघितलंस ना तू?"

मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रॉवरमधलं ते पदक डोळ्यांसमोर आलं, स्प्रिंगांच्या डब्याखालचं, आणि माझाच जीव कळवळला. एवढी वर्षं पोरांना हात वर करायला शिकवत होती ही बाई, ते कशापायी!

आमचे हे वर्षाकाठी चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक तेव्हा बोलले. "मग तिकिटं तीन काढू का? ईराला ख्रिसमसची सुट्टी आहेच."

निघायच्या आदल्या दिवशी मी रोडिकाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. "ह्या तांदळाचं काय करायचं?" "माहेरी जाऊन शिजव." तिनं ते खरंच बॅगेत घातले. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या माणसानं नारळ तीनदा फिरवून बघितला.

बुखारेस्टहून आम्ही रेल्वेनं क्रायोव्हाला गेलो. विओरिकाचा पत्ता रोडिकाला कुणाला विचारावा लागला नाही, पाठ होता. दार उघडलं ते एका बुटक्या, गोल, एप्रन घातलेल्या म्हातारीनं, हातात काठी. अंबाडा तसाच घट्ट. रोडिकाला ओळखल्याबरोबर विओरिकानं जो तोंडाचा पट्टा सोडला! मला रोमानियन येत नाही, पण बायकांचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. रोडिका मान खाली घालून ऐकत होती. शेवटी स्वतःच्या कुशीवर हात ठेवून ती एकच वाक्य बोलली. विओरिकानं खुंटीवरून कोट घेतला, किल्ल्या घेतल्या आणि आम्हाला समोरच्या शाळेच्या जिममध्ये घेऊन गेली.

तिथे जुन्या फॉइल होत्या, यंत्र नव्हतं. रोडिकानं कोट काढला. आत पांढरा स्वेटर. माझ्याकडे हात करून म्हणाली, "सुमना, कुंकू."

"टोकाला?" मी विचारलं.

"टोकाला."

पर्समधून करंडा काढला, नळाचं दोन थेंब पाणी घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तलवारीच्या टोकाला कुंकू लावलं. विओरिकानं काठी ईराकडे दिली आणि फॉइल हातात घेतली. फॉइल हातात आल्यावर ती म्हातारी वेगळीच दिसायला लागली. पाय पडले ते बरोबर जागी पडले. रोडिकानं डोळ्यांवर जुना मास्क ओढला, दोन्ही हात पसरले आणि उभी राहिली.

विओरिकानं एक पाऊल टाकलं, फक्त एक, आणि टोक कुशीत लागलं. पात्याची कमान झाली. पांढऱ्या स्वेटरवर लाल ठिपका उमटला.

रोडिकाचा हात वर गेला.

तो हात तसाच वर राहिला, किती वेळ कोण जाणे. ईरा माझ्या दंडाला घट्ट धरून होती. विओरिका पुढे आली, ठिपका जवळून नीट बघितला, वाकून, शाळेतल्या बाई बघतात तसा. मग काठी परत मागितली आणि काहीतरी पुटपुटली. रोडिका हसायला लागली, रडायला लागली, दोन्ही एकदम.

"काय म्हणाली गं?" मी विचारलं.

"म्हणते, किती उशीर केलास. चल, जेवण गार होतंय."